हल्ला, शोक आणि मतपेटी

दहशतवादी हल्ला झाला की निवडणूक सत्ताधाऱ्यांच्या पदरात पडलीच, अशी एक समजूत आपल्या कार्यकर्त्यांच्या मनात घर करून बसली आहे. २०१९च्या पराभवाची चर्चा निघाली की ‘पुलवामा झाले नसते तर’ एवढ्या चार शब्दांवर ती संपते. २२ एप्रिल २०२५ रोजी पहलगाम येथे सव्वीस निरपराध माणसे मारली गेली, त्यांत सहा महाराष्ट्रातील होती. त्यानंतर काही दिवसांनी पारशिवनीत भरलेल्या एका छोट्या बैठकीत एक तरुण कार्यकर्ता उद्वेगाने म्हणाला, “आता २०२९पर्यंत काही करण्यात अर्थ नाही.” बैठकीतील कोणीही त्याला अडवले नाही. वयाने सर्वांत मोठा मीच होतो. मीही अडवले नाही. त्या दिवशी जे बोलायचे राहून गेले ते आता लिहीत आहे.

ही समजूत अर्धी खरी आहे आणि म्हणूनच ती अधिक घातक आहे. हल्ल्याचा निवडणुकीवर परिणाम होतो, यात शंका नाही. परंतु हल्ला स्वतः कोणाला मते देत नाही. तो निवडणुकीतील प्रश्न बदलतो. काल ज्या प्रश्नावर मत पडणार होते तो बाजूला सरतो आणि त्याच्या जागी दुसरा येऊन बसतो. हा नवा प्रश्न कोणता असावा, हे हल्लेखोर ठरवीत नाहीत. सत्ताधारी ते ठरवू पाहतात. आणि त्यांना ते ठरवू द्यायचे की नाही, हे त्या गावात हल्ल्यापूर्वी कोण काम करीत होते यावर अवलंबून असते. आपला सारा वाद या शेवटच्या मुद्द्याशी आहे.

या विधानाला पुरावा शोधण्यासाठी फार दूर जावयास नको. पारशिवनी तालुका रामटेक लोकसभा मतदारसंघात येतो आणि रामटेकचा गेल्या चाळीस वर्षांचा इतिहास हा या विषयावरचा एक धडाच आहे.

३१ ऑक्टोबर १९८४ रोजी पंतप्रधान इंदिरा गांधी यांची त्यांच्याच अंगरक्षकांनी हत्या केली. मी तेव्हा नुकताच एम.ए. झालो होतो आणि मतदानाचे वय एकवीस असल्यामुळे लोकसभेचे माझे ते पहिलेच मतदान होते. आमच्या घरी कोणी काँग्रेसवाले नव्हते. तरी रेडिओवरील बातमी ऐकून माझी आई घरातले माणूस गेल्यासारखी रडली. रामटेकमधून काँग्रेसचे उमेदवार होते पी. व्ही. नरसिंह राव. ते नागपुरात कायदा शिकलेले, उत्तम मराठी बोलणारे, हरिभाऊ आपट्यांच्या ‘पण लक्षात कोण घेतो’ या कादंबरीचा तेलुगू अनुवाद केलेले व्यासंगी गृहस्थ होते. मी त्यांनाच मत दिले. आज हे लिहिताना संकोच वाटतो. पण ते लपवून मतदाराला शहाणपण शिकविण्याचा मला अधिकार राहणार नाही.

संकोच का वाटतो तेही सांगतो. त्या वर्षीच्या जुलैपासून नरसिंह राव हे देशाचे गृहमंत्री होते. त्यांच्या कारकिर्दीत देशाच्या पंतप्रधानांचा खून पंतप्रधानांच्याच निवासस्थानी झाला. त्यानंतरच्या तीन-चार दिवसांत राजधानीत शिखांची कत्तल झाली. सरकारी आकड्यानुसारच एकट्या दिल्लीत २,७३३ माणसे मारली गेली. त्या दिवसांत दिल्लीचा कारभार पंतप्रधानांच्या कार्यालयाने परस्पर हाती घेतला होता, असे त्यांच्या चरित्रकाराने लिहिले आहे. ते खरे धरले तरी गृहमंत्रिपदाची जबाबदारी त्यामुळे संपत नाही. या घटनांना दोन महिने होण्याच्या आत हे गृहमंत्री रामटेकमध्ये मत मागत होते. आम्ही त्यांना एकही प्रश्न विचारला नाही. विचारायचा असतो, हेच आमच्या डोक्यात आले नाही. शोकाने आमच्या मनातील प्रश्नाची जागा भरून टाकली होती. राव मोठ्या मताधिक्याने निवडून आले.

येथपर्यंत आपल्या तरुण कार्यकर्त्याची समजूत खरी ठरते. परंतु कथा येथे संपत नाही. त्याच निवडणुकीत नरसिंह राव दुसऱ्या एका मतदारसंघातूनही उभे होते. तो त्यांचा जुना मतदारसंघ, आंध्रातील हनमकोंडा. तेथे ते पडले. ज्या भाजपला त्या वर्षी साऱ्या देशात दोनच जागा मिळाल्या, त्यांतील एक जागा गृहमंत्र्यांना पाडून मिळालेली होती. माणूस तोच, महिना तोच, हत्येचा शोकही तोच; मग एका ठिकाणी विजय आणि दुसऱ्या ठिकाणी पराभव का? कारण आंध्रात लोकांजवळ स्वतःचा प्रश्न होता. ऑगस्ट १९८४ मध्ये राज्यपालांनी एन. टी. रामाराव यांचे सरकार बडतर्फ केले होते आणि एका महिन्याच्या लोकक्षोभापुढे नमून सप्टेंबरमध्ये ते परत सत्तेवर आणावे लागले होते. डिसेंबरमध्ये मतपेटीपाशी गेलेल्या आंध्रच्या मतदाराला इंदिराजींच्या हत्येचे दुःख नव्हते असे नाही. पण ‘आमचे सरकार दिल्लीने का पाडले’ हा प्रश्न त्याने त्या दुःखाखाली पुरू दिला नाही. तेलुगु देसमला राज्यातील ४२ पैकी ३० जागा मिळाल्या.

महाराष्ट्राकडे पाहा. येथे काँग्रेसने ४८ पैकी ४३ जागा जिंकल्या. त्याच लाटेत देशभर चंद्रशेखर, अटलबिहारी वाजपेयी, जॉर्ज फर्नांडिस यांच्यासारखे मोहरे पडले. तरीही राजापूरला प्रा. मधु दंडवते टिकले. मुंबई दक्षिण-मध्य मतदारसंघात १९८२च्या गिरणी संपाचे नेते डॉ. दत्ता सामंत निवडून आले. कुलाब्यात दि. बा. पाटील निवडून आले. त्याच वर्षीच्या जानेवारीत सिडकोच्या भूसंपादनाविरुद्धच्या आंदोलनात उरण परिसरातील पाच जण पोलिसांच्या गोळीबारात हुतात्मा झाले होते. बारामतीत शरद पवार निवडून आले, पण त्यांचे कारण वेगळे. ते आपण बाजूला ठेवू. उरलेल्या तीन जागांकडे नीट पाहिले तर एक गोष्ट दिसते. एका ठिकाणी वर्षानुवर्षांचा मतदारसंघातील संपर्क होता, दुसऱ्या ठिकाणी कामगारांची संघटना होती आणि तिसऱ्या ठिकाणी जमीन वाचविण्याचा लढा होता. लाट सर्वत्र सारख्याच उंचीची होती; जेथे बांध घातलेला होता तेथे ती अडली.

शिवाय ती लाट किती काळ टिकली? डिसेंबर १९८४ मध्ये कर्नाटकाने काँग्रेसला २८ पैकी २४ जागा दिल्या. रामकृष्ण हेगडे यांनी नैतिक जबाबदारी म्हणून राजीनामा देऊन विधानसभेच्या निवडणुका मागितल्या आणि मार्च १९८५ मध्ये त्याच मतदारांनी जनता पक्षाला २२४ पैकी १३९ जागांचे स्वच्छ बहुमत दिले. तीन महिन्यांत मतदार बदलले नव्हते; त्यांच्यापुढचा प्रश्न बदलला होता.

१९८४ची आणखी एक आठवण अर्थशास्त्राचा विद्यार्थी म्हणून मला आजही अस्वस्थ करते. मतदानाला तीन आठवडे उरले असताना, २ व ३ डिसेंबरच्या मध्यरात्री, भोपाळमध्ये युनियन कार्बाइडच्या कारखान्यातून विषारी वायू सुटला आणि हजारो माणसे मेली. नागपूरहून भोपाळ एका रात्रीच्या प्रवासावर. तेथील मतदान पुढे ढकलावे लागले. पण देशाच्या निवडणुकीचा प्रश्न भोपाळ झाला नाही. कारखान्याला परवानगी कोणी दिली, तपासणी कोणी करायची होती, कंपनीचा प्रमुख अटकेनंतर जामिनावर सुटून देशाबाहेर कसा गेला, यांवर देशाने मत दिले नाही. बंदुकीने मारलेला माणूस राष्ट्राचा होतो आणि नफ्यासाठी केलेल्या हयगयीने मारलेला माणूस फक्त त्याच्या कुटुंबाचा राहतो. विदर्भातील कापूस उत्पादकांच्या आत्महत्यांबाबत आपण हेच पाहत आलो आहोत. हा फरक निसर्गाने केलेला नाही. तो राजकारणाने केलेला आहे आणि म्हणून राजकारणानेच तो पुसता येईल.

हल्ल्याचा परिणाम किती मोठा असतो, याचा याहून स्पष्ट पुरावा १९९१ मध्ये मिळाला. २० मे रोजी पहिल्या टप्प्याचे मतदान झाले, २१ मे रोजी श्रीपेरुंबुदूर येथे राजीव गांधी यांची हत्या झाली आणि उरलेले मतदान १२ व १५ जूनवर गेले. हत्येपूर्वी मतदान झालेल्या जागांपेक्षा नंतर मतदान झालेल्या जागांवर काँग्रेसची कामगिरी कितीतरी चांगली झाली. आणि त्या वेळी निवडणुकीलाही उभे न राहिलेले, दिल्लीतून मुक्काम हलविण्याच्या तयारीत असलेले आमचे रामटेकचे खासदार नरसिंह राव देशाचे पंतप्रधान झाले. परिणाम होत नाही असे मी म्हणत नाही. तो अटळ असतो, हे मात्र मला अमान्य आहे.

अटळ असता तर २००८नंतर काय व्हावयास हवे होते? २६ नोव्हेंबर २००८ रोजी मुंबईवर हल्ला झाला आणि १६६ माणसे मारली गेली. दिल्ली विधानसभेचे मतदान २९ नोव्हेंबरला होते. ताज हॉटेलातील चकमक त्याच दिवशी सकाळी संपली. त्या आठवड्यात वर्तमानपत्रांतून सरकारच्या दुबळेपणावर मोठमोठ्या जाहिराती झळकल्या. तरीही दिल्ली काँग्रेसने राखली आणि मे २००९ मध्ये लोकसभेत काँग्रेसच्या जागा वाढून २०६ झाल्या. ज्या मुंबईवर हल्ला झाला तेथील सहाही जागा काँग्रेस-राष्ट्रवादीकडे गेल्या. दरम्यान दोन गोष्टी झाल्या होत्या. केंद्रीय गृहमंत्री शिवराज पाटील, मुख्यमंत्री विलासराव देशमुख आणि राज्याचे गृहमंत्री आर. आर. पाटील या तिघांना पदे सोडावी लागली. म्हणजे जबाबदारीच्या प्रश्नाला निदान वरवरचे तरी उत्तर मिळाले. आणि रोजगार हमीचा कायदा व सुमारे ७० हजार कोटींची शेतकरी कर्जमाफी खेड्यापर्यंत पोहोचली होती. त्या कर्जमाफीतील दोन हेक्टरांच्या अटीने विदर्भातील कोरडवाहू शेतकऱ्यावर अन्याय केला, हे मी तेव्हाही लिहिले होते. पण लोकांच्या हातात काही पडले होते. म्हणून निवडणुकीचा प्रश्न पोटापाशी राहिला.

परदेशातील एकच उदाहरण देतो. ११ मार्च २००४ रोजी माद्रिदमध्ये आगगाड्यांत स्फोट होऊन १९०हून अधिक माणसे मेली. तीन दिवसांनी मतदान होते. इराक युद्धात सैन्य पाठविणाऱ्या उजव्या सरकारने पुरावे दुसरीकडे बोट दाखवीत असतानाही बास्क फुटीरांवर आरोप रेटला. लोक रस्त्यावर उतरले. दुःख व्यक्त करण्यासाठी आणि ‘खरे सांगा’ हे विचारण्यासाठीही. सरकार पडले, समाजवादी पक्ष निवडून आला आणि त्याने इराकमधून सैन्य परत बोलावले. शोक आणि प्रश्न एकाच तोंडातून निघू शकतात, हे त्या जनतेने दाखवून दिले.

आता २०१९कडे वळू. ३१ जानेवारीला वर्तमानपत्रात बातमी आली की राष्ट्रीय नमुना पाहणीनुसार २०१७-१८ मध्ये बेरोजगारीचे प्रमाण ६.१ टक्के, म्हणजे पंचेचाळीस वर्षांतील सर्वाधिक होते. अहवाल दडविला जात असल्याच्या निषेधार्थ राष्ट्रीय सांख्यिकी आयोगाच्या दोन सदस्यांनी त्याआधी राजीनामे दिले होते. डिसेंबरमध्ये मध्य प्रदेश, राजस्थान व छत्तीसगड ही तीन राज्ये भाजपच्या हातून गेली होती. निवडणुकीचा प्रश्न ठरत आला होता. बरोबर दोन आठवड्यांनी, १४ फेब्रुवारीला, पुलवामाजवळ महामार्गावर ७८ वाहनांच्या ताफ्यावर स्फोटकांनी भरलेली गाडी आदळली आणि केंद्रीय राखीव पोलीस दलाचे चाळीस जवान मारले गेले. त्यांतील दोघे आपल्या विदर्भातले, बुलढाणा जिल्ह्यातील होते. २६ फेब्रुवारीला बालाकोट झाले. बेरोजगारीचा तो अहवाल सरकारने प्रसिद्ध केला ३१ मे रोजी, निकाल लागून आठ दिवस झाल्यावर.

त्या एप्रिलमध्ये मी आमच्या तालुक्यात पेंचच्या पाण्यावर बोलत फिरत होतो. पेंच नदीवर वरच्या बाजूला, छिंदवाडा जिल्ह्यात चौराई धरण झाल्यापासून तोतलाडोहात येणारे पाणी घटले होते. जे येत होते त्यावर नागपूर शहर आणि वीज केंद्रांचा हक्क आधी. शेताच्या कालव्याची पाळी शेवटी. त्या वर्षी पाण्याची इतकी टंचाई झाली की जुलैमध्ये खुद्द नागपूर शहराला दिवसाआड पाणी घ्यावे लागले. पारशिवनीच्या शेतकऱ्याला यापेक्षा मोठा प्रश्न नव्हता, असे मला वाटत होते. नवेगाव खैरीच्या कालव्याकाठच्या एका गावात माझे बोलणे शांतपणे ऐकून घेतल्यावर एक वयस्क शेतकरी म्हणाला, “सर, पाणी तं दरसालच नसते. चाळीस पोट्टे दरसाल मरत नाहीत.”

मी निरुत्तर झालो. घरी परतताना मनात राग होता. लोकांना आपले हित कळत नाही, असा तो राग होता. हा राग आपल्यापैकी प्रत्येकाने अनुभवलेला आहे आणि तोच आपला खरा शत्रू आहे. त्या शेतकऱ्याने भावनेच्या भरात काही मूर्खपणाचे सांगितले नव्हते. चाळीस तरुणांचे मरण हा पाण्याच्या पाळीपेक्षा मोठा विषय आहे, हे त्याचे म्हणणे माणुसकीचेच होते. चूक माझी होती. त्याच्या दुःखाला बगल देऊन मी माझा विषय पुढे रेटत होतो. त्याला उलट विचारायला हवे होते ते असे: भाऊ, त्या चाळीस पोरांबद्दल जाब कोण देणार? एवढा मोठा ताफा रस्त्याने का नेला? एवढी स्फोटके महामार्गापर्यंत आली कशी? गृहखाते कोणाकडे होते? हे प्रश्न मी त्याला विचारले नाहीत, जसे १९८४ मध्ये स्वतःलाही विचारले नव्हते. पस्तीस वर्षांत मी अर्थशास्त्र पुष्कळ शिकवले. ही एक गोष्ट मात्र शिकलो नव्हतो.

आकड्यांनी मात्र माझ्या निराशेला साथ दिली नाही. रामटेकमध्ये ११ एप्रिल २०१९ला मतदान झाले. शिवसेनेचे कृपाल तुमाने निवडून आले हे खरे. पण २०१४ मध्ये पावणेदोन लाखांच्या घरात असलेले त्यांचे मताधिक्य सव्वा लाखावर आले. पुलवामा आणि बालाकोट यांच्यानंतरचे हे मतदान होते. त्याच दिवशी शेजारच्या चंद्रपुरात त्याहून मोठी गोष्ट घडली. चार वेळा खासदार झालेले हंसराज अहीर तेथे काँग्रेसचे बाळू धानोरकर यांच्याकडून पराभूत झाले; त्या वर्षी काँग्रेसला महाराष्ट्रात मिळालेली ती एकमेव जागा. अहीर कोणत्या खात्याचे मंत्री होते? केंद्रीय गृह राज्यमंत्री. चंद्रपुरात लोकांनी पुलवामाचा जाब विचारला, असा दावा मी करणार नाही. दारूबंदीपासून जातीच्या गणितापर्यंत अनेक कारणे त्या निकालामागे सांगितली जातात. पण नेमके हेच माझे म्हणणे आहे. तेथे स्थानिक प्रश्न जिवंत राहिले आणि लाट त्यांना बुडवू शकली नाही. १९८४ला गृहमंत्री हनमकोंड्यात पडले, २०१९ला गृह राज्यमंत्री चंद्रपुरात पडले. दोन्ही वेळा देशभर लाटच होती.

भाजपच्या जागा २८२वरून ३०३ झाल्या, हे मी विसरत नाही. त्यात पुलवामाचा वाटा होता, तसा पुलवामानंतर दहाच दिवसांनी शेतकऱ्यांच्या खात्यांत पडू लागलेल्या दोन हजारांच्या हप्त्याचाही होता. सत्ताधाऱ्यांना स्वतःला केवळ शोकावर भरवसा नव्हता. तो आपणच ठेवतो, हे आश्चर्य!

आता सत्ताधाऱ्यांना दोन शब्द. ९ एप्रिल २०१९ रोजी, म्हणजे आमच्या मतदानाच्या दोन दिवस आधी, पंतप्रधानांनी लातूर जिल्ह्यातील औसा येथे प्रथमच मतदान करणाऱ्या तरुणांना आपले मत पुलवामाच्या हुतात्म्यांना व बालाकोटच्या वीरांना समर्पित करण्याचे आवाहन केले. सैनिकांची छायाचित्रेदेखील प्रचारात वापरू नयेत, असे निवडणूक आयोगाने पक्षांना मार्चमध्येच कळविले होते. तरी या भाषणात आयोगाला आचारसंहितेचा भंग दिसला नाही. एक आयुक्त अशोक लवासा यांनी वेगळे मत नोंदविले, ते लोकांपुढे आलेच नाही. याच लातूर जिल्ह्याचे शिवराज पाटील दहा वर्षांपूर्वी हल्ल्याची जबाबदारी घेऊन गृहमंत्रिपदावरून पायउतार झाले होते. एका हल्ल्याने पद जाते आणि दुसऱ्या हल्ल्यावर मत मागितले जाते! ज्याच्या पहाऱ्यात चोरी झाली त्यानेच चोरीचे दुःख सांगून पगारवाढ मागावी, असा हा प्रकार आहे.

‘संकटाच्या वेळी प्रश्न विचारू नयेत’ असे आपल्याला बजावले जाते. हा दंडक कोणत्या देशभक्ताने घालून दिला? १९६२ मध्ये चिनी सैन्य आत घुसलेले असताना संसदेत चर्चा झाली आणि संरक्षणमंत्री कृष्ण मेनन यांना जावे लागले. कारगिलनंतर वाजपेयी सरकारने के. सुब्रह्मण्यम यांच्या अध्यक्षतेखाली समिती नेमली आणि तिचा अहवाल संसदेपुढे ठेवला. २६ नोव्हेंबरनंतर महाराष्ट्र सरकारने राम प्रधान समिती नेमली. पुलवामातील त्रुटींविषयी असा कोणताही अहवाल संसदेपुढे आला नाही. तेव्हाचे जम्मू-काश्मीरचे राज्यपाल सत्यपाल मलिक यांनी २०२३ मध्ये जाहीरपणे सांगितले, की जवानांसाठी विमाने मागितली होती, ती नाकारली गेली आणि या चुकीविषयी गप्प राहण्यास आपल्याला सांगण्यात आले. हे खरे की खोटे? एका राज्यपालाच्या आरोपाचे उत्तर देशाला मिळू नये?

परंतु सत्ताधाऱ्यांपेक्षा माझे भांडण आपल्या मंडळींशी अधिक आहे. आपल्यातील काही जण चहाच्या टपरीवर ‘हल्ला त्यांनीच घडवून आणला’ असे कुजबुजतात. पुरावा नसताना असे बोलणे हा त्या जवानांच्या कुटुंबांचा अपमान आहे. राष्ट्रीय तपास यंत्रणेने २०२० मध्ये दाखल केलेल्या आरोपपत्रात जैश-ए-महंमदच्या मसूद अझहरसह एकोणीस जणांची नावे आहेत. मारणारे कोण हे उघड असताना, रोखणारे कोठे होते हा खरा प्रश्न आपण या कुजबुजीने स्वतःच मारून टाकतो. दुसरे काही जण ‘मतदार भावनेला भुलतो’ असे म्हणून हात झटकतात. १९८४ मध्ये भुललेला मतदार मी स्वतः आहे. मला कोणी भेटले असते, प्रश्न विचारला असता, तर कदाचित भुललो नसतो. आणि तिसरे, जे बहुसंख्य आहेत, ते हल्ल्यानंतर पंधरा दिवस घरात बसून राहतात. तेच पंधरा दिवस दुसरे कोणी तरी वापरते. पुलवामानंतर आठवडाभरातच यवतमाळमध्ये शिकणाऱ्या काश्मिरी विद्यार्थ्यांना मारहाण झाली. त्या मुलांच्या पाठीशी प्रथम उभे राहणे, हे काम आपल्याखेरीज कोणाचे होते?

यास्तव कार्यकर्त्यांनी काही गोष्टी आजच ठरवून ठेवाव्यात. हल्ला झाला तर पहिल्याच दिवशी गावाच्या शोकात सामील व्हावे. श्रद्धांजलीची सभा दुसऱ्यांनी बोलावण्याची वाट पाहू नये. त्याच सभेत गावातील व तालुक्यातील अल्पसंख्य शेजाऱ्याला आपल्या बाजूला बसवावे. आणि त्याच सभेत, आवाज न चढविता, विचारावे: हल्ल्याची पूर्वसूचना होती काय? होती, तर त्यावर काय केले? चौकशीचा अहवाल लोकांपुढे कधी ठेवणार? एवढे तीन प्रश्न पुरेत. त्यांत देशद्रोह नाही, उलट मेलेल्यांविषयीची खरी आस्था त्यांतच आहे.

आणि हे सारे हल्ल्यानंतरचे झाले. त्याआधीचे काम मोठे आहे. पेंचच्या कालव्याच्या पाण्याची समिती, कन्हान परिसरातील कोळसा खाणींच्या कंत्राटी कामगारांची संघटना, सोयाबीन व कापसाच्या भावासाठी बाजार समितीपुढचे ठिय्या आंदोलन ही कामे वर्षभर चालू असतील, तर निवडणुकीच्या तोंडावर लोकांचा प्रश्न त्यांच्या हातून हिसकावून घेणे कोणालाही सोपे जाणार नाही. २०२४ मध्ये शेतमालाच्या भावाने आणि संविधानाच्या प्रश्नाने महाराष्ट्रात काय केले ते आपण पाहिले. याच रामटेकमध्ये काँग्रेसचे श्यामकुमार बर्वे पाऊण लाखाहून अधिक मतांनी निवडून आले. तोच मतदार, तेच गाव, तोच कोरडा कालवा.

‘२०२९पर्यंत काही करण्यात अर्थ नाही’ म्हणणाऱ्या त्या तरुण मित्राला माझे उत्तर एवढेच आहे. पुढचा हल्ला केव्हा होईल, तो निवडणुकीपूर्वी होईल की नंतर, हे तुझ्या-माझ्या हाती नाही. तो कधीच होऊ नये अशी प्रार्थना करू. पण त्या दिवशी कालव्याकाठच्या त्या गावात आपले कोणी असेल की नसेल, हे पूर्णपणे आपल्या हाती आहे. तो वयस्क शेतकरी आजही तेथे आहे. त्याच्या वाक्याला मी उत्तर देणे लागतो. येत्या रविवारी मी त्याच्याकडे जाणार आहे. तू बरोबर चल.